पंप बंद पडला म्हणून बोट बुडत नाही

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

धक्क्याला बांधलेली बोट रात्रीत बुडाली की पेपरात दोन ओळींची बातमी येते आणि त्यात कारण ठरलेलं असतं, "पंप बंद पडल्यामुळे". मी बोटींच्या इंजिनाची कामं करतो, बुडून वर काढलेल्या बोटींचीपण करतो, त्यामुळे हे वाचलं की चिडचिड होते. अहो पंप बंद पडला असेलही, पण पाणी कुठून तरी आत येत होतं ना? बहुतेक वेळा ते कितीतरी दिवस येत असतं, पंप ते गुपचूप बाहेर टाकत असतो आणि मालकाला वाटतं बोट ठणठणीत आहे. ज्या दिवशी पंप थांबतो त्या दिवशी फक्त ते दिसतं.

बोट समुद्रात न्यायची असली की सगळे सावध असतात, हवामान बघतील, डिझेल बघतील, लाइफ जॅकेट मोजतील, आणि परत येऊन दोर बांधला की कुलूप लावून घरी. खरंतर बांधलेल्या बोटीवर माणूस नसतो हाच मोठा धोका आहे. चालत्या बोटीत पायाखाली पाणी आलं तर लगेच कळतं, बांधलेल्या बोटीत शेजारच्या बोटवाल्याचा फोन येईपर्यंत कळत नाही. अमेरिकेत बोटयूएस नावाची बोटमालकांची संस्था आहे, त्यांनी विम्याचे क्लेम तपासले तेव्हा चालताना बुडालेल्या एका बोटीमागे धक्क्यावर बुडालेल्या चार असा हिशोब निघाला होता, म्हणजे हे काही माझंच मत नाही.

आता थेंबाचा हिशोब करू. पंख्याचा शाफ्ट जिथून तळातून बाहेर जातो तिथे ग्लँड, म्हणजे फटीतून येणारं पाणी अडवणारा भाग, असतो. जुन्या पद्धतीचा पॅकिंगवाला असेल तर शाफ्ट फिरताना त्यातून थेंब थेंब पाणी यायलाच पाहिजे, त्यावरच तो थंड राहतो, पण बोट उभी असताना ते जवळजवळ थांबलं पाहिजे. नाही थांबलं आणि सेकंदाला एक थेंब पडत राहिला तर दिवसाला चार-साडेचार लिटर होतात. एवढ्याने काही बोट बुडत नाही, पण पंप रोज तेवढं काढायला चालू होतो, बॅटरी रोज थोडी उतरते, जेटीवरची लाईट ट्रिप होऊन चार्जर कधीचा बंद पडलेला असतो आणि मग एका रात्री जोराचा पाऊस येतो. १०० मिमी पाऊस म्हणजे दर चौरस मीटरवर १०० लिटर, सहा मीटर लांब आणि दोन मीटर रुंद उघड्या बोटीत हजारेक लिटर, म्हणजे एक टन वजन, तेही सगळं मागच्या बाजूला गोळा होतं कारण इंजिनामुळे बोट आधीच मागे बसलेली असते. मग डेकचे ड्रेन, एक्झॉस्ट, पंपाचं स्वतःचं आउटलेट, जे सगळं एरवी पाण्याच्या वर असतं ते पाण्याखाली जातं आणि तिथूनच पाणी उलटं आत यायला लागतं. म्हणूनच बोट अर्धी बुडायला आठवडा घेते आणि उरलेली अर्धी वीस मिनिटांत जाते.

आणि हे तर थेंबाचं झालं. एखादा होज निसटला तर काय? इंजिन थंड करायचं पाणी, टॉयलेट, सिंक, यांच्यासाठी तळाला भोकं पाडलेलीच असतात, प्रत्येकावर व्हॉल्व्ह म्हणजे सीकॉक असतो आणि त्याला रबरी होज क्लिपने आवळलेला असतो. तेवढ्या एका क्लिपच्या भरवशावर बोट तरंगत असते. पाण्याच्या ३० सेमी खाली २५ मिमीचं उघडं भोक असेल तर मिनिटाला साधारण ४० ते ७० लिटर पाणी आत येतं, भोकाची कड कशी आहे त्यावर कमीजास्त, म्हणजे तासाला अडीच ते चार टन. भोकाचा व्यास दुप्पट झाला की पाणी चौपट.

लोक म्हणतात आमच्याकडे ताशी २००० गॅलनचा पंप आहे. खोक्यावर लिहिलेला तो आकडा साडेसात हजार लिटरचा होतो खरा, पण तो पाणी अजिबात वर न चढवता आणि पूर्ण व्होल्टेज मिळत असतानाचा आहे. बोटीत लावल्यावर पाणी मीटरभर वर चढवायचं, आतून खाचा असलेला स्वस्तातला पाइप, दोन-तीन बेंड, बारीक वायरमुळे उतरलेलं व्होल्टेज, एवढं सगळं धरलं की निम्मं मिळालं तरी नशीब. शिवाय असा पंप आठ-दहा अँपिअर खातो, १०० अँपिअर-तासाची बॅटरी नवीकोरी आणि फुल चार्ज असली तरी दहा-बारा तासांच्या वर जात नाही, जुनी असेल तर त्याच्या निम्मंसुद्धा नाही. पंप फक्त वेळ काढून देतो, आणि त्या वेळात यायला कुणी नसेल तर त्याचा उपयोग काय?

तरीपण पंप नीट लावायचाच. त्याची वायर मेन स्विचच्या आधी, थेट बॅटरीवरून, योग्य फ्यूज घालून घ्या, कारण जाताना लोक इमानदारीत मेन स्विच बंद करतात आणि पंपाचा जीवही त्याच्याबरोबर जातो, हे मी इतक्यांदा बघितलंय की आता हसूही येत नाही. पाणी चढलं की तरंगून पंप चालू करणारा फ्लोट स्विच बोटाने उचलून पंप वाजला म्हणजे टेस्ट झाली असं नाही, बिल्जमध्ये म्हणजे बोटीच्या तळाच्या पोकळीत बादलीने पाणी ओता आणि तो आपणहून चालू होऊन आपणहून बंद होतो का ते बघा, तिथेच कचरा, चिंधी, वायरचे तुकडे अडकलेले सापडतात. आउटलेट पाण्यापासून चांगलं उंच ठेवा, नाहीतर बोट जरा जड झाली की पंप थांबल्यावर त्याच पाइपातून सायफन होऊन पाणी परत येतं. पाइप वर नेऊन लूप करायचा आणि लूपच्या डोक्यावर हवा घेणारा व्हॉल्व्ह बसवायचा हा त्यावरचा खरा इलाज. काहीजण त्याऐवजी नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवतात, तो कचऱ्याने अडकतो आणि पंपाचा जोरही खातो, मी तरी त्याच्यावर विसंबणार नाही.

माझं ऐकाल तर मोठ्या पंपाच्या आधी दोन स्वस्त गोष्टी घ्या. एक म्हणजे पंप किती वेळा चालू झाला हे मोजणारा काउंटर. मागच्या आठवड्यात पाच वेळा आणि या आठवड्यात तीस वेळा चालला असेल तर बोट तुम्हाला काहीतरी सांगतीय. दुसरं म्हणजे पंपाच्या स्विचपेक्षा थोडा वर लावलेला वेगळा अलार्म, जेटीवर ऐकू जाईल असा किंवा मोबाइलवर मेसेज टाकणारा. केबिनच्या आत पीं पीं करणारा अलार्म रिकाम्या बोटीत कुणासाठी वाजतो ते मला अजून समजलेलं नाही.

बाकी सगळं काम तळाच्या भोकांपाशी. बोट सोडून जाताना सीकॉक बंद करायचे, डेकचं पाणी बाहेर नेणारे तेवढे सोडून, ते बंद केले तर पावसाचं पाणी जाणार कुठे. इंजिनाचा सीकॉक बंद केला की इंजिनाची चावी त्याच हँडलला अडकवून ठेवायची, म्हणजे तो उघडल्याशिवाय इंजिन चालू होणारच नाही. महिन्यातून एकदा सगळे सीकॉक उघडबंद करा नाहीतर ते जाम होतात आणि नेमके नको त्या दिवशी हँडल हातात येतं. पाण्याखालच्या होजला जागा असेल तिथे दोन दोन क्लिपा लावा, आणि क्लिप घेताना नुसता पट्टा बघू नका, स्क्रूसुद्धा चांगल्या स्टेनलेसचा आहे का ते चुंबक लावून बघा, घट्ट चिकटला तर नको, स्वस्तातल्या क्लिपांचा पट्टा चकाकतो आणि स्क्रू गंजून पडतो. होज दाबून बघा, कडक झालाय, फुगलाय, वाकवल्यावर चिरा दिसतात, तर बदला, त्यात विचार करण्यासारखं काही नाही. फिटिंग साध्या पितळेचं असेल तर खाऱ्या पाण्यात त्यातलं जस्त निघून जातं आणि मागे ठिसूळ तांबं राहतं, खरवडल्यावर गुलाबी दिसलं की समजा ते गेलं, हातोडीच्या एका टिचकीने तुटेल. तिथे ब्राँझच पाहिजे. आणि प्रत्येक सीकॉकजवळ त्याच्या मापाचं मऊ लाकडाचं निमुळतं बूच दोरीने बांधून ठेवा, पाण्यात ते फुगून आणखी घट्ट बसतं. काही रुपड्यांची वस्तू, पण अंधारात गुडघाभर पाण्यात उभं राहून शोधायला लागू नये म्हणून तिथेच बांधलेली पाहिजे.

दोरांबद्दल कमी बोललं जातं. भरती-ओहोटीच्या ठिकाणी दोर आखूड बांधला तर ओहोटीला बोट एका बाजूने लटकते, आणि सैल राहिला तर ओहोटीत बोटीची कड जेटीच्या खाली सरकते आणि भरती चढायला लागली की तिथेच अडकून बसते, मग भरती बोटीसाठी थांबत नाही. आणि बोटीची मागची बाजू उघड्या पाण्याकडे करून बांधू नका, आउटबोर्डवाल्या, म्हणजे मागे बाहेरून इंजिन टांगलेल्या बोटीची पाठ तर आधीच कापून बुटकी केलेली असते, येणाऱ्या जाणाऱ्या बोटींच्या लाटा थेट आत.

सगळ्यात जास्त भीती वाटायला पाहिजे ती दुरुस्ती चालू असताना. १५ मे १९६९ ला अमेरिकन नौदलाची यूएसएस गिटारो ही अजून बांधणी चालू असलेली नवी पाणबुडी कॅलिफोर्नियातल्या मेअर आयलंड शिपयार्डमध्ये धक्क्यालाच बुडाली. काम दोन टोळ्यांचं, एक टोळी मागच्या टाक्यांत पाणी भरत होती आणि दुसरी टोळी बोट सरळ करायला पुढच्या टाक्यांत भरत होती, एकीला दुसरीचं माहीतच नाही. बोट पुढून इतकी खाली गेली की लाटांचं पाणी पुढच्या उघड्या मॅनहोलमधून आत यायला लागलं, पहारेकऱ्याने दोनदा सांगितलं, कुणी मनावर घेतलं नाही. आणि शेवटी दारं झाकणं बंद करायला धावले तर त्यातून कामाच्या केबली आणि पाइप गेलेले, झाकणं लागेनातच. तीन दिवसांनी वर काढली आणि सेवेत यायला १९७२ उजाडलं. आता पाणबुडीची ही गत तर आपल्या बोटीत मेकॅनिक, वेल्डर आणि इलेक्ट्रिशियन एकाच दिवशी येऊन कोण कुठला होज काढून गेला याचा पत्ता नसतो ते सांगायलाच नको. काम झाल्यावर, विशेषतः बोट परत पाण्यात सोडल्यावर, तासभर थांबा, तळाच्या प्रत्येक फिटिंगला कोरडा कागद लावून बघा आणि दुसऱ्या दिवशी परत या. लाकडी बोट बरेच दिवस बाहेर वाळली असेल तर फळ्या फुगून सांधे मिटेपर्यंत ती गळणारच, तोपर्यंत तिच्यावर माणूस पाहिजे, नुसता पंप नको.

बरं, एवढं करूनही पाणी शिरलं तर? पहिल्यांदा जेटीवरच्या खांबावरून लाईट बंद करायची, बोटीत उतरून नाही. पाण्यात करंट उतरलेला दिसत नाही, आणि गोड्या पाण्यात तर शेजारी पोहणारा माणूससुद्धा त्याने मरू शकतो. पेट्रोलचा वास येत असेल तर कुठलाही स्विच दाबू नका, पंपाचासुद्धा. बोट एका बाजूला कलली असेल तर केबिनमध्ये जाऊ नका, आतलं पाणी खालच्या बाजूला धावतं आणि बोट एकदम उलटते, एवढ्यात बाहेर यायला वेळ मिळत नाही. हे सगळं ठीक असेल तरच आत जा, आणि गळती शोधत बसण्याआधी हाताला येतील ते सगळे सीकॉक बंद करा, अर्ध्या वेळा तेवढ्यावरच पाणी थांबतं, मग शोधा निवांत. भोक सापडलं तर बूच, बूच नसेल तर चिंधी, उशी, काहीही कोंबा, पाणी निम्मं झालं तरी पंपाला जमायला लागतं. पेट्रोलवर चालणारा पंप आणला तर तो डेकवर उघड्यावर ठेवा, बंद जागेत त्याचा धूर जीव घेतो. काहीच जमत नसेल आणि जवळ उथळ मऊ जमीन असेल तर बोट तिथे ओढून टेकवा. टेकलेली बोट ओहोटीत पाण्याबाहेर उघडी पडते, तेव्हा भोक बुजवता येतं.

बोट पूर्ण खाली गेली असेल तर नुसता पंप लावून समुद्र उपसत बसू नका, तिची कड पाण्याच्या वर आल्याशिवाय ती रिकामी होत नाही, त्याला हवेच्या पिशव्या, क्रेन, डायव्हर लागतात. क्रेनवाल्याला मात्र घाई करू देऊ नका. आत सहा घनमीटर पाणी असेल तर ते सहा टन आहे, पाण्यात असेपर्यंत ते वजन जाणवत नाही आणि वर आलं की सगळं तळावर येतं. थोडं उचला, पाणी वाहू द्या, परत थोडं उचला. त्याआधी डिझेलच्या टाकीचे व्हेंट म्हणजे हवेची तोंडं बुजवा आणि बोटीभोवती तेल शोषणाऱ्या पट्ट्या टाका. तेल दिसेनासं करायला साबण ओतणारे महाभाग असतात, त्याने तेल जात नाही, पाण्यात मिसळून खाली जातं आणि मासळीला आणखी त्रास.

आता माझ्या धंद्यातली गोष्ट. बोट वर आली की लोक हुश्श करतात, टाळ्या वाजवतात, फोटो काढतात आणि उद्या बघू म्हणून घरी जातात. इंजिन पाण्याखाली होतं तोपर्यंत गंज तसा हळू चालतो, खरा गंज त्याला हवा लागली की सुरू होतो, पुढचे काही तास हेच सगळं. चालू होतंय का बघायला स्टार्टर तर अजिबात मारू नका, सिलिंडरमधलं पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो आणि दुरुस्त होण्यासारखं इंजिन भंगारात जातं. बाहेरून गोड्या पाण्याने भरपूर धुवा, इंजेक्टर किंवा प्लग काढा, इंजिन हाताने फिरवून पाणी बाहेर काढा, दुधासारखं झालेलं ऑइल काढून नवीन भरा, सिलिंडरमध्येही थोडं ऑइल सोडा, इंधन आणि फिल्टर बदला, मग चालू करून गरम करा आणि ऑइल परत बदला, ते स्वच्छ निघेपर्यंत दोन-तीनदा. मेकॅनिक दोन दिवस मिळणारच नसेल तर आउटबोर्ड सरळ गोड्या पाण्याच्या पिंपात बुडवून ठेवा, ऐकायला विचित्र वाटतं पण हवेत ठेवण्यापेक्षा ते बरं.

बॅटऱ्या सगळ्यात आधी बाहेर, पण आधी केबिन उघडून हवा खेळू द्या, खारं पाणी शिरलेल्या बॅटरीतून क्लोरीन निघू शकतो. लिथियमची असेल तर बोटीपासून लांब उघड्यावर ठेवा, ती काही दिवसांनीसुद्धा पेट घेऊ शकते. आतलं सगळं गोड्या पाण्याने धुतल्याशिवाय वाळवायला घेऊ नका. मीठ हवेतला ओलावा ओढत राहतं, कितीही पंखे लावा, न धुतलेली गादी आणि न धुतलेलं लाकूड पुन्हा पुन्हा ओलं होतं. दीड-दोन दिवसात बुरशी धरते, त्यामुळे लॉकर, फळ्या, अस्तर सगळं उघडायचं. वायरिंगबाबत मी कुणाचं मन राखत नाही. पाणी वायरच्या तारांमधून इन्सुलेशनच्या आत चढत जातं, टोक कापत जा, आतलं तांबं लखलखीत दिसेपर्यंत, आणि काळंच निघत राहिलं तर ती वायर बदला. आज चालतंय म्हणून ठेवलेलं पॅनेल चार महिन्यांनी दगा देतं, आणि दगा देणाऱ्या वायरींत बिल्ज पंपाचीही असते. आपोआप फुगणारी लाइफ जॅकेटं कपाटातच फुगून गेलेली असतील, त्यांचे सिलिंडर आणि कार्ट्रिज बदला.

राहिला विमा. झीज आणि गंज बहुतेक पॉलिसींत कव्हर होत नाही, त्यामुळे भांडण नेहमी त्या एका क्लिपवरच येऊन थांबतं. फाटलेला होज, तुटलेली क्लिप फेकू नका, पिशवीत घालून ठेवा, आणि सर्व्हिसिंगची बिलं, तारखेचे फोटो आधीपासून जपून ठेवा. सर्वेअर येईपर्यंत हात लावायचा नाही असं सांगणारे बरेच भेटतील, त्यांचं ऐकू नका. पुढचं नुकसान थांबवणं हे पॉलिसीप्रमाणे मालकाचंच काम असतं, आणि इंजिन तसंच गंजू दिलं तर उद्या तेच कारण दाखवून पैसे कापले जातात. विमा कंपनीला फोन करा, त्यांच्याशी काय बोलणं झालं ते मेसेजवर लेखी घ्या, सगळीकडून फोटो व्हिडिओ काढा आणि त्याच दिवशी इंजिन धुवायला घ्या.

आपला,
एक बोट मेकॅनिक